माझ्यासाठी थांबलेलं रडणं

नंदुरबारजवळच्या आमच्या कोरीट गावाकडे बाप गेला की सासरहून येणाऱ्या लेकीने गल्लीच्या तोंडापासून रडत यायचं असतं. गाडी थांबली की दारातल्या बाया कान टवकारतात. लेक हंबरडा फोडते, आतून आई धावत येते, दोघी गळ्यात पडतात आणि मग अख्खं घर रडतं. कुठली लेक कशी रडली याची चर्चा नंतर कितीतरी दिवस चालते. मीही लहानपणी ती चवीने ऐकलेली आहे.

मी गाडीतून उतरले, दारापर्यंत सरळ चालत गेले, बूट काढले, त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून नीट जोडून ठेवले आणि जमलेल्या सगळ्या बायांपुढे कमरेत वाकून उभी राहिले.

 वाकलेली असल्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. जोडवी, भेगा, कोणाचा तरी सुजलेला घोटा. ते सगळे पाय जागच्या जागी थबकले होते, तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले.

"हाई काय करी ऱ्हायनी वो?" आत्या म्हणाली. मग मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून, "रड ना माय! बाप गया तुन्हा!"

बाप गेला हे मला माहीत होतं. जपानहून निघताना माहीत होतं, सुरतेला उतरताना माहीत होतं, नवापूर मागे पडलं तेव्हाही माहीत होतं. नंदुरबारबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या पथारींजवळ डोळ्यांत पाणी आलं, पण ते मिरचीचं होतं, ते धरायचं नसतं. बाकी आत काही हलत नव्हतं. मला दुःख झालं होतं की नाही तेही मी सांगू शकले नसते. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

आणि मला एवढं एकच काम होतं. निघण्याआधी भावाने फोनवर सांगितलं होतं, "माय रडनी नही आजून. तुन्ही वाट देखी ऱ्हायनी." आई प्रेतापाशी रडली नाही, तिरडी उचलली तेव्हा रडली नाही. बायांनी तिला हलवून पाहिलं, बोलतं करून पाहिलं. ती सगळ्यांना एकच सांगत होती, मन्ही आंडेर येऊ द्या, म्हणजे माझी लेक येऊ द्या. न रडलेली बाई आतल्या आत बिघडते असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि त्या वेळी मीही मानत होते. माझ्या हंबरड्याने तिचा बांध फुटायचा होता. मी त्यासाठी समुद्र ओलांडून आले आणि वाकून उभी राहिले.

आई भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ जाऊन बसले. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि हात हातात घेतला. तिचे डोळे कोरडे, माझेही. समोर आत्या कपाळाला हात लावून, "पराई व्हई गयी पोर," असं कोणाला तरी सांगत होती. मला राग आला. निदान राग तरी आला, म्हणून थोडं बरं वाटलं.

तिकडे मी कशी राहते हे आत्याला काय माहीत! पुण्यात जपानी शिकून मी तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या नोकरीवर गेले आणि तिथल्याच एकाशी लग्न केलं. लग्न म्हणजे एका कामाच्या दिवशी नगरपालिकेच्या खिडकीत कागद दिला, आतली बाई अभिनंदन म्हणाली, आम्ही बाहेर येऊन शेवयांचं सूप प्यायलो. बापाने फोनवर विचारलं, "इतलंच?" मग त्याने इकडे माझ्या फोटोला हळद लावली आणि गल्लीत पेढे वाटले. तो फोटो अजून भिंतीवर आहे, एक गाल पिवळा.

सासूने मला बाकीचं शिकवलं. नव्या घरात राहायला गेलो तेव्हा शेजारच्या प्रत्येक दारात भेट म्हणून कागदात गुंडाळलेला टॉवेल घेऊन जायचं, इतकंच वाकायचं, इतकंच हसायचं. जेवताना एकदा मी नवऱ्याला माझ्या जेवायच्या काड्यांनी माशाचा तुकडा दिला, त्याने तो आपल्या काड्यांनी घेतला, आणि सासूने हातातलं भांडं खाली ठेवलं. काड्यांतून काड्यांत फक्त हाडं देतात, असं तिने शांतपणे सांगितलं. आमच्याकडे नवऱ्याला घास भरवायला नाव घ्यायला लावतात, मी काय समजणार? सासरे गेले तेव्हा समजलं. दहनानंतर आम्हा घरच्यांना आत बोलावलं. लांब काड्या हातात दिल्या, आणि दोघादोघांनी मिळून एकेक हाड उचलून भांड्यात ठेवायचं होतं. आधी पायाची, मग वरची, डोकं शेवटी, म्हणजे माणूस भांड्यात उलटा राहत नाही. पहिलं हाड सासूने उचललं. नंतर तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा मी आणि नवऱ्याने उचललं. मी परदेशी, सून, त्यातून बाई, पण कोणी काही विचारलं नाही. आणि कोणी मोठ्याने रडलंही नाही. सासू दारात उभी राहून आलेल्यांचे आभार मानत होती. मी तिच्याकडे बघून गप्प राहायला शिकले आणि चांगलीच शिकले. बापाची बातमी आली तेव्हा तिने आमच्याच स्वयंपाकघरात माझ्यापुढे वाकून सांत्वनाचं रीतसर वाक्य म्हटलं. मीही वाकले.

मी पोचले त्या सकाळीच भाऊ आणि काका राख सावडून आले होते. अस्थींचं मडकं फडक्यात बांधून अंगणातल्या निंबाला टांगलेलं होतं, कारण ते घरात आणत नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रकाशा गावी नेऊन तापीत सोडायचं होतं. दुपारी शेजारून जेवण आलं. आईने भाकरीला हात लावला नाही. एकाएकी तिने विचारलं, "तुन्हा सासराले कसं करं व्हतं तठे?"

मी सांगितलं. काड्या, पाय, डोकं, सगळं. तिकडचा हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात.

"बाया बी?"

"हो. सासूनेच पहिलं उचललं."

"तिले हात लाऊ दिधा?"

"हो."

आईने भाकरीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माले उंबराना बाहेर बी जाऊ नही दिधं." आणि उठली.

ती निंबाखाली गेली. तिचा हात पोचेना, म्हणून मी मडकं सोडवून खाली घेतलं. आत्या धावत आली, "वो माय, बाया हात नही लावतस!" सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. तो मुंडण केलेलं डोकं खाजवत उभा होता. त्याने आमच्याकडे पाठ केली आणि जाऊन फाटक लावून घेतलं.

आईने गाठ सोडली. "पायपासून ना?" तिने विचारलं. तिथे पाय कुठला आणि हात कुठला हे कोणी ठेवलं होतं! भावाने घाईत सगळं एकत्र भरलं होतं. पण आईने बोटांनी चाचपून एक लांबट तुकडा काढला आणि त्याचं एक टोक माझ्यापुढे धरलं. "तू बी धर."

मी धरलं. ते फार हलकं होतं. पोत्याखाली न वाकणारा माझा बाप, आणि त्याचं इतकंसं वजन.

आणि आई रडली. असं रडणं मी गल्लीत कधी ऐकलं नाही. ती त्याला विचारत होती की आता सकाळी चहा कोणाला देऊ, मिरचीला पाणी कोण भरील, कोणावर ओरडू. ती माझ्या खांद्यावर कोसळली. आत्याही रडली, फाटकापाशी भाऊ रडला. मी एका हाताने आईला सावरलं आणि दुसऱ्या हाताने माझं टोक सोडलं नाही, कारण तिकडे शिकवलंय की दुसऱ्याने ठेवेपर्यंत सोडायचं नाही. मी रडले नाही. मला फार वाटत होतं की रडावं.

आता जपानला परत आलेय. नोकरी चालू आहे, कचरा ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवते. आई रविवारी फोन करते, पावसाचं, मिरचीचं सांगते आणि शेवटी विचारते, "रडनी का?"

मी नाही म्हणते.

"तठे नको रडू," परवा ती म्हणाली, "तठे तुले कोन धरई? आठे येईसन रड. मी जित्ती शे तवलोंग येई जाय."