डिंपलचे कोरे रकाने

आमच्या रामाकोना गावची डिंपल बी.ए.ला मराठी घेऊन बसलेली आणि तिला शिकायचं होतं डेटा सायन्स. लोक हसले. माझ्या घरी इंटरनेट आहे आणि दुपारी ओसरी रिकामीच असते, म्हणून मी म्हटलं, ये.

नागपूरच्या एका संस्थेची सहा महिन्यांची ऑनलाइन शिकवणी. शेवटी स्वतःचा प्रकल्प दाखवायचा. तो पटला तरच पुढच्या वर्षी नागपुरात जागा. डिंपलने घरचाच विषय धरला: संत्र्याला यंदा फूल कधी लागेल, ते आधी सांगायचं. त्यासाठी तिचे वडील गुणवंता यांच्या अकरा वर्षांच्या डायऱ्या होत्या. बागेला पाणी कधी दिलं, फूल कधी दिसलं, सगळं त्यात. महिनाभर ती आकडे उतरवत होती. मधेच बोटं थांबायची आणि नजर कुठल्या तरी पांढऱ्या बहारात हरवायची.

"आजी, आकड्यायलेही वास येते."

"वास मग घे. आधी भर."

पण कॉम्प्युटर सगळ्या वर्षांसाठी एकच तारीख सांगे. प्रकल्प दाखवायला तीन दिवस उरले, पोरगी रडकुंडीला आली. त्या दुपारी गुणवंता तिला न्यायला आले तेव्हा ती रकाने वाचत होती, "डिसेंबर, पाणी चार वेळा."

"डिसेंबरात पानी कोनं देल्लं वं?"

"जागा कोरी होती, बाबा. कोऱ्या जागी सरासरी भरा म्हने शिकवनीत."

"अन् तू भरली? बुडवली ना माही बाग!" ते हसत हसत पायरीवरच बसले. "अवं, तो ताण होय!"

ताण म्हणजे पाणी तोडून झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवणं. पानं मलूल होतात, झाड झोपल्यासारखं दिसतं. मग पाणी सोडलं की फुलून येतं. इकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. डिंपललाही होतं. पडद्यासमोर बसली आणि बाग विसरली! मी तसं तोंडावर सांगितलं.

मग बापलेक डायऱ्या घेऊन बसले.

"हा कोरा रकाना ताणाचा. हाही."

"अन् हा? एप्रिल आहे."

गुणवंता थांबले. "तवा तुही माय दवाखान्यात होती. पानी देल्लं, लिवनं राह्यलं."

डिंपलने त्या एप्रिलात सरासरीच राहू दिली. ताणाच्या दिवसांत मात्र तिने पाण्याची जागा कोरीच ठेवली आणि ताणाचा वेगळा रकाना केला. कॉम्प्युटर शहाण्यासारखा वर्षागणिक निराळी तारीख सांगू लागला.

परीक्षक बाईंनी पडद्यावरून विचारलं, "इतक्या जागा रिकाम्या का ठेवल्या?"

"मॅडम, तिथे झाड तहानलेलं होतं."

जागा मिळाली. डिंपल नागपूरला गेली.

परवा मी बागेकडून आले. ऊन कोवळं, झाडं मलूल, सगळं कसं झोपेत असल्यासारखं. गुणवंता धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून डायरी लिहीत होते. मी डोकावले. 'ताण. दिवस अठरावा. पाणी नाही.'

"हे रोज लिहिता?"

"रोज लिवून राहिलो, बाई. पोरीनं सांगतलं, कोरं ठिवाचं नाही."