मामाची अर्धी भाकर

अकोल्याला गाडीतून उतरले आणि फलाटावर मामाचं पोट शोधत राहिले. आमचा गजाननमामा गर्दीत आधी पोटानेच दिसायचा.

"काहून वं, मले पाहून पुढं चालली?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. शर्ट खांद्यावर सैल, पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक, आणि चेहरा आईच्या लग्नाच्या फोटोतल्या तरुण मामासारखा.

हा माझ्या आईचा धाकटा भाऊ, वय पन्नाशीला टेकलेलं. परतवाड्याच्या पलीकडे त्याची संत्र्याची बाग आहे. बाग दरवर्षी व्यापाऱ्याला जाते, पण विहिरीजवळची चार झाडं घरची. ती मालकाने स्वतः शिडीवर चढून तोडायची, ही आजोबांपासूनची रीत. गेल्या हंगामात मामाच्या वजनाने शिडीची पायरी मोडली आणि तो खाली आला. हाड वाचलं. पण मामीने शिडीला हात लावायची बंदी केली. अट एकच घातली: मांडी घालून बसायचं, हात न टेकता उठून दाखवायचं, मग खुशाल चढायचं. यंदा झाडं फळांनी पिवळी झाली होती आणि मला साताऱ्याहून बोलावलं होतं ते पंच म्हणून.

"औषध कुठलं घेतलंस?" मी विचारलं.

"कायचं औषध! वावरात (शेतात) गाडीनं जात होतो, ते पायी जाऊन राहिलो. दिवस बुडायच्या आत जेवतो. अन् भाकर अर्धी केली. एकदम नाई. पह्यले चतकोर सोडली, मंग हळूच अर्धी."

स्टेशनवरून आम्ही मोठ्या मावशीकडे गेलो. तिने पाटोडी केली होती (बेसनाच्या वड्या, लालभडक तर्रीच्या रश्श्यात सोडलेल्या). जमिनीवर पानं मांडली होती. मामा पुरे म्हणाला तरी मावशीची पळी त्याच्या ताटावरून हलेना. मी वाढले तीच घरात चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत. राग आला की माझा आवाज सभेतला होतो.

"मावशी, हा आग्रह नाही, जबरदस्ती आहे! माणसाला त्याच्या ताटावर तरी हक्क हवा!"

पळी थांबली. "पोट्टी मले भाषण देऊन राहिली का रे गजा?"

"देऊ दे, ताई. तू असं कर, डब्यात भरून दे. तुह्या भावजयीले नेतो."

मावशीचा चेहरा लगेच खुलला. इकडे ताटात वाढलेल्यापेक्षा बांधून दिलेल्याचा मान मोठा. मामाने वर्षभर कोणालाही न दुखावता असंच निभावलं होतं. मला ते फार हुशारीचं वाटलं.

पण जेवून उठताना त्याने जमिनीवर मूठ टेकली. मला दिसलं. मला दिसलं हे त्यालाही दिसलं.

अमरावतीच्या एसटीत खिडकीजवळ बसले. काळी जमीन, तिच्यावर फुटलेला कापूस, आणि ओळीने पुढे सरकणाऱ्या वेचणाऱ्या बाया. कमरेला बांधलेल्या ओट्या कापसाने फुगलेल्या. अमरावतीत उतरले तर समोरच्या भिंतीवर पाटी: 'महिनाभरात बारीक व्हा!' माझं डोकं फिरलं. आधी माणसाला त्याच्या अंगाची लाज वाटायला लावायची आणि मग त्या लाजेवर भुकटीचे डबे विकायचे! मी तावातावाने बोलत होते आणि मामा तोवर गिला वडा (दह्यात भिजवलेला, वर तिखट चटणी घातलेला उडदाचा वडा) घेऊन आला होता. एक प्लेट संपली. त्याने दुसरी मागवली.

"मामा! उद्या परीक्षा आहे तुझी!"

"आज खाल्लं. उद्या पायी जाईन. खाल्लं म्हणून रडत बसलो तं परवाबी खाईन." मग दुकानदाराकडे वळून म्हणाला, "भाऊ, एक बांधून द्या. घरी नेतो."

मामीने दारातच मला कवेत घेतलं. पूर्वी माझे हात तिच्या पाठीमागे एकमेकांना मिळायचे. आता मिळाले नाहीत.

उन्हं असतानाच पानं घेतली. चून (आपलं पिठलं) आणि ज्वारीची भाकर. मामाने भाकर मोडली, अर्धी टोपलीत परत ठेवली. आमचं झाल्यावर मामी बसली. तिने आपली भाकर घेतली, मग मामाची अर्धी, मग मावशीची पाटोडी, मग वडा.

"मामी, एवढं?"

"मंग फेकू का? अन्न हाये ते."

"रोज असंच?"

"वर्षभर. तुह्या मामानं जेवण कमी केलं, पण माह्या हाताले सवय हाये तेवढ्याच पिठाची."

सकाळी विहिरीजवळ घोंगडी अंथरली. मामा मांडी घालून बसला. हात छातीशी बांधले, पुढे झुकला, आणि उठला. हात कुठेच टेकला नाही. मामीने टाळ्या पिटल्या. "चढा आता!"

"मामी, आता तू," मी म्हणाले.

"मी कायले वं?" ती हसत बसली. उठायला गेली. एक हात टेकला, मग दुसरा. पदर गुडघ्याखाली अडकला. हसू हळूहळू ओसरलं आणि ती तशीच बसून राहिली. भाषण माझ्या ओठावर आलं होतं. मामाकडे पाहून ते मी गिळलं.

तो शिडीपासून परत आला.

"माह्यी अर्धी भाकर कुठं जाऊन राहिली होती, ते आज दिसलं मले," तो म्हणाला. दोन्ही हात देऊन त्याने तिला उठवलं. "गोळाच लहान कर आजपासून. डबे मी आणणार नाई. सकायी वावरात दोघं जाऊ."

"अन् चहा-पाणी, गोठा कोण पाहीन?"

"आल्यावर मी पाहतो."

"तुमी? चहा येते का तुमाले?"

"शिकव. हळूहळू येईन."

मग तो चढला. खाली मामीने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पहिलं संत्रं त्याने तिच्या पदरात टाकलं.

परतीच्या गाडीत मी पत्रक लिहायला बसले. एकाचं ताट हलकं होतं तेव्हा ते घरात कोणाच्या अंगावर येतं, असं काहीसं पहिलं वाक्य होतं. ते खरंच आहे, आणि छापणारही आहे. पण भूक लागली म्हणून आधी मामीने दिलेला डबा उघडला. ठेचा, दोन संत्री, आणि भाकरी. नेहमीसारख्या परातीएवढ्या नव्हत्या. माझ्या तळहातावर मावत होत्या.