‘हाकप्पा’ आणि दोनशे चौदा गाणी

गेल्या कार्तिकातल्या एका रविवारी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, मी आईची दोनशे चौदा गाणी पुसली. हजर: मी, बायको नलिनी, दारात आई आणि फोनवर मुलगी रोहिणी. एवढे साक्षीदार असल्यामुळे नाकारायची सोय नाही.

गाणी म्हणजे आमच्या घरातली लग्नाची, पाळण्याची, दळणाची. निम्मी मराठी, निम्मी कन्नड. (बेंगळूरच्या चामराजपेटेत इतक्या पिढ्या काढल्यावर आणखी काय होणार!) नलिनीनं दोन वर्षं आईपुढे बसून ती रेकॉर्ड केली होती. त्या रविवारपासून तेरा दिवसांवर आईच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि ‘आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही,’ असं डॉक्टर म्हणाले होते. गाणी होती एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क कुरकुरायला लागली होती.

मी नवी डिस्क आणली. पण आमचा कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा. नव्या डिस्कवर फाइल सिस्टिम कुठली घालायची? (कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवली, हे सांभाळणारी व्यवस्था. घरात हे काम नलिनी करते.) आमच्या गल्लीत करंट दिवसातून दोनदा जातो. मधेच वीज गेली तरी जी डगमगणार नाही, तीच मला हवी होती. मी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. अंदाजपंचे काही निवडणं मला जमत नाही. चार फाइल सिस्टिम, अकरा निकष, चौदा पानं, सतरा दिवस!

“अप्पा, ईएक्सटी-फोर घाला आणि मोकळे व्हा,” शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून, रोहिणी रोज फोनवर सांगायची. “आणि आधी गाण्यांची आणखी एक कॉपी काढा!”

“आधी पाया, मग मजले,” मी म्हणायचो.

अठराव्या दिवशी ईएक्सटी-फोर साडेतीन गुणांनी पहिली आली.

“हेच तर मी सांगत होते!”

“तू सांगितलंस. मी सिद्ध केलं.”

शनिवारी मी वहीत लिहून ठेवलं: एसडीबी ही नवी डिस्क, एसडीसी ही जुनी. रविवारी सकाळी करंट गेला, आला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. सुरू होताना लिनक्स ही नावं नव्यानं वाटतं आणि कधीकधी त्यांची अदलाबदल करतं, हे माझ्या चौदा पानांत कुठेच नव्हतं! मी वही बघून एसडीबीवरच फाइल सिस्टिम घालायला बसलो; ती घातली की डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

“नवी डिस्क कोरी आहे अप्पा, ती काही विचारणार नाही,” रोहिणी स्पीकरवरून म्हणाली. “विचारलंच तर थांबा. मला वाचून दाखवा.”

विचारलं!

“म्हणतंय, इथे आधीच एक फाइल सिस्टिम आहे. पुढे जायचं का?”

फोनमध्ये नुसती खरखर. मग स्पष्ट, ठाम आवाज: “सरी, सरी! हाकप्पा!”

(कन्नडात ‘सरी’ म्हणजे ठीक, ‘हाक’ म्हणजे घाल.) म्हणजे, ठीक आहे, घाला अप्पा! मी ‘वाय’ दाबून एंटर मारला.

“अप्पा, थांबा! दाबू नका!” फोन किंचाळला.

“अगं, तूच म्हणालीस ना?”

“मी कुठे बोलले?”

मी मान वळवली. दारात आई फूलवाल्यापुढे परडी धरून उभी होती. “हाकप्पा! शेवंती नीट हाक, चुरगाळू नको!” (तिथला ‘अप्पा’ म्हणजे नुसतं ‘बाबा रे’. आणि आजी-नातीचा आवाज हुबेहूब एक म्हणून कौतुक आम्हीच करायचो!)

“अहो, काय झालं?” नलिनीनं विचारलं.

“फाइल सिस्टिम बसली.”

“कशावर?”

मी जुन्या डिस्ककडे बोट दाखवलं. नलिनी खुर्चीत बसली. “दोन वर्षं,” एवढंच म्हणाली.

“पुन्हा गाते की, त्यात काय!” असं म्हणत आईनं सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला खोकल्यानं तिला पार वाकवलं.

“अप्पा, आता कशालाही हात लावू नका,” रोहिणी म्हणाली. “डिस्क काढा आणि डेटा परत काढून देणाऱ्याकडे न्या.”

सोमवारी आम्ही पुष्पाअक्कांच्या दुकानात. “स्वल्प वेळ लागेल सर. सगळं मिळेल असं सांगत नाही.” तो ‘स्वल्प’ चार दिवस चालला. मी रोज संध्याकाळी जाऊन बसत होतो. नुसतं बसून जीव टांगणीला लागतो, म्हणून मी त्यांना ईएक्सटी-फोरच का, ते निकषवार समजावून देत होतो.

गुरुवारी नलिनीही आली. पुष्पाअक्कांनी एक बटण दाबलं. कुकरची शिट्टी ऐकू आली आणि पाठोपाठ आईचा पाळणा. नलिनीनं पदर डोळ्यांना लावला. मी मोजणी केली. (तीनदा.) दोनशे तेरा!

कुठलं गेलं, ते यादी ऐकून आईनं फोनवरच ओळखलं. “जाऊ दे ते! सगळं सासूचंच कौतुक होतं त्यात.”

मग पावती आली. गाणी परत काढणे, सहा हजार. ग्राहकाचं व्याख्यान ऐकणे, चार दिवसांचे, पाचशे.

“हे जरा जास्त होतंय,” मी म्हणालो.

“द्या मुकाट्यानं,” नलिनी म्हणाली. “मी इतकी वर्षं फुकट ऐकतेय!”

पुष्पाअक्कांना सहा हजार पाचशे दिले. देण्याआधी बेरीज तपासली, बरोबर होती. त्या अख्ख्या आठवड्यात मी तपासलेली आणि बरोबर निघालेली ती एकमेव गोष्ट!