आरशावरचा पाचवा ठसा

शेजारच्या काकांकडे चोरी झाली, तेव्हा पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावलं. ठसेतज्ज्ञाने कपाटाच्या आरशावर काळी पूड फिरवली आणि धुक्यातून यावेत तसे पाच ठसे वर आले; एक आरशाच्या कडेला चिकटवलेल्या जुन्या टिकलीशेजारी. चार त्याने चिकटपट्टीने उचलून घेतले.

"टिकलीशेजारचा हिचा असणार," काका म्हणाले. "ही जाऊन वर्ष झालं. तेवढा राहू द्या."

"चोराचाही असेल, काका," तज्ज्ञ म्हणाला.

"चोर टिकली लावतो होय?"

तो हसला आणि पाचव्याचा नुसता फोटो घेतला. पंचनाम्यात तसंच लिहिलंय, हे पाहून मी सही केली. माणूस दिवसभरात कुठेकुठे हात टेकतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. स्पर्श मात्र मागे थांबून राहतात.

"आता आरसा पुसलात तरी चालेल," तज्ज्ञ म्हणाला.

काका खुर्ची ओढून आरशासमोर बसले.