खरक

"ए खरक, इकडची पानं राहिली ना!"

पंगत उठली होती. वरपक्षाची मंडळी विडे घेत होती. त्यांच्यादेखत सरदारांच्या धाकट्या चिरंजीवांनी मला हाक मारली. चारचौघं हसले. मी पदर खोचून वाकले. उष्ट्या पत्रावळी उचलत गेले, मागे शेण फिरवत गेले. खासगी बाजार पेठेतल्या सरदारांच्या त्या घरात आईही हेच करी. आमचे पूर्वजही त्यांच्यासारखेच दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले, मराठी बोलणारे. ते घोड्यावर, आम्ही घोड्यामागे. एवढाच फरक.

खरक म्हणजे शेपूट छाटलेलं खरकटं. आधी फक्त मला म्हणत. मग आईला. मग त्या घरात जे जे टाकाऊ, ते सगळं खरक. विटलेलं लुगडं खरक, सोयरीक मोडलेली मुलगी खरक. पुढे इंदरगंजच्या नाक्यावरची पोरंही आमच्या आळीला 'खरकों का मोहल्ला' म्हणायला लागली.

एकटी कुसुम म्हणत नसे. सरदारांची मुलगी, माझ्याच वयाची. गच्चीवर बसून तिनंच मला बाराखडी शिकवली. त्या हाकेनं मी रडले की डोळे पुसायची. "मनाला नको लावून घेऊस गं," म्हणायची. माझा तिच्यावर जीव होता. आज लग्न तिचंच होतं.

तिची नवी सासू विचारत होती, "हा खरक काय शब्द आहे बाई? आमच्याकडे नाही ऐकला."

कुसुम लाजली. "मीच काढलाय, सासूबाई. लहानपणी. खरकटंवाली म्हणायला लांब पडायचं न! मग सगळ्यांच्याच तोंडी बसला."

"पोरगी हुशार आहे हो!"

मी समोरच उभी होते. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं, हसली. आपण काही केलंय हे तिच्या गावीही नव्हतं. माझ्या अंगाची आग झाली. माझे डोळे पुसणारा हात हाच होता!

पत्रावळी मी तिच्या शालूपुढे ठेवल्या.

"कुसुम," म्हटलं. ताईसाहेब नाही म्हटलं. "शब्द तुझा आहे, तूच ठेव. पानंही तूच उचल."

मी तडक बाहेर पडले. आई मागे धावत आली. "पगली झालीस का? जा, पाय धर त्यांचे. उद्या खाणार काय?"

"उपाशी राहू. त्या घरात मी जाणार नाही, तुलाही जाऊ देणार नाही."

संध्याकाळची पंगत अजून बसायची होती. आळीतल्या बाया तिथली उष्टी काढायला निघण्याआधी मी पहिल्या दारावर थाप मारली. एकीलाही जाऊ देणार नव्हते.