दाराआडून वाचलेला तह

रशिया आणि अमेरिका यांच्यात मी एकदा तह घडवून आणला. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते, डोक्यावर पदर होता आणि हाताला भाकरीचं पीठ. जगाला त्या तहाचा पत्ता लागला नाही, पण आमच्या घराला तो चांगलाच महागात पडला.

वडगाव निंबाळकरजवळ कालव्याच्या पाण्याखाली आमची सामाईक जमीन होती. घरात कारभारी दोघे भाऊ: थोरले आबा, म्हणजे माझे सासरे, आणि धाकटे तात्या. तात्यांच्या मुलाला माझी थोरली बहीण, आक्का, दिलेली, आणि दोन वर्षांनी आबांच्या मुलाला मी. दोन्ही सासवा आमच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे चूल आम्हा दोघी बहिणींच्या ताब्यात. आमचं माहेर इंदापूरकडचं, कोरडवाहू. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. आक्कानं मला वाढवलं. ती घर सांभाळत बसली म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. तिला स्वतःला अक्षर म्हणून येत नव्हतं. तिचं लग्न झाल्यावरची दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. तिच्याच घरात मला देणार म्हटल्यावर नवरा काळा की गोरा हेही मी विचारलं नाही.

आबा-तात्यांना सही करता येई, त्यापुढं दम लागे. बारामतीहून एस.टी.नं एक दिवस शिळा पेपर यायचा आणि दिवेलागणीला तो वाचायचं काम माझ्याकडं आलं. पण सुनेनं सासऱ्यांसमोर बसायचं नाही. म्हणून ते दोघे सोप्यात बसत आणि मी मधल्या दाराआड, चुलीच्या उजेडात बसून मोठ्यानं वाची. शेजारी आक्का भाकरी थापत असे. बाहेर नुसता माझा आवाज जाई. पेपर कुणाला दिसत नसे.

आबा रशियाचे. बाजारात कुणीतरी त्यांना गुळगुळीत कागदाचं एक मासिक दिलं होतं, त्यात नजर पोचेल तिथवर गव्हाचं रान. ते पान ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "बग, कुठं बांध दिसतोय का? समदं एकत्र हाय." तात्या अमेरिकेचे. शाळेच्या मैदानात मोटारीतून आलेला अमेरिकेचा फुकट सिनेमा त्यांनी पाहिला होता. त्यात एकच माणूस, त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचं रान. "कुनाला इचारायचं न्हाय, कुनाची वाट बगायची न्हाय," असं ते आठवडाभर म्हणत होते.

खरं भांडण आमच्याच रानाचं होतं. भवानीनगरला साखर कारखान्याची हालचाल सुरू झाली होती आणि आबांना सगळ्या रानात ऊस लावायचा होता. तात्यांना माळवं करायचं होतं, वांगी-टोमॅटो, आणि त्यासाठी वाटणी हवी होती. पेपरात रशियाची सरशी आली की आबा उसावर येत. अमेरिकेनं बाँब उडवला की तात्या म्हणत, "मग वाटनीचं कवा बगायचं?" वाटणी म्हणजे मध्ये भिंत आणि दोन चुली. म्हणजे आक्का पलीकडं. ते मला ऐकवत नव्हतं.

आधी मी नुसत्या बातम्या गाळू लागले. मग भीड चेपली. रशियानं काही केलं की त्याच्या जोडीला अमेरिकेचं काहीतरी मनचं ठेवून द्यायचं. दोन सुनांना लुगडी घेताना बघतात ना, एकीला भारी आणि एकीला हलकं होऊ नये, तसं. दोघे भाऊ ऐकून घेत, समाधानानं तंबाखू मळत, आणि वाटणीचा विषय मागं पडे. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

मग एके दिवशी बातमी आली की दोन्हीकडचे पुढारी परदेशात एका शहरात भेटले, एका टेबलाशी बसले. एवढं खरोखर छापलेलं होतं. पुढचं माझं. मी वाचलं की दोघांनी बाँब समुद्रात टाकून द्यायचं ठरवलं, आणि इथून पुढं एकमेकांच्या विचारानं चालायचं असा तह झाला.

बाहेरून तात्या म्हणाले, "आबा, एवढी मोटी मानसं जुळवून घेत्यात. आपुन तर एका आईच्या पोटचं. ऱ्हाऊ द्या वाटनीचं." त्या दिवशी दोघे कित्येक महिन्यांनी शेजारी शेजारी पाटावर जेवायला बसले.

तो तह बाजाराच्या दिवसापर्यंत टिकला. आनंद पोटात मावेना म्हणून आबांनी तो बारामतीत, हॉटेलात चहा पिताना, चारचौघांना सांगितला. शेजारी एक मास्तर पेपर वाचत होते, ते म्हणाले, असा तह कुठं झालेलाच नाही. आबांचं किती हसं झालं ते मला पुढं नवऱ्याकडून कळलं.

घरी आल्यावर ते दाराशी उभे राहिले. "त्या रोजचा पेपर दे, पोरी." मी दिला. मग दोघे भाऊ सोप्यात पेपर पसरून, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत बसले. तह छापलेलाच नव्हता, म्हणून त्यांना सगळा पेपर लावावा लागला. अंधार पडेपर्यंत त्यांची डोकी एकमेकांना लागून होती. एकत्र बसलेले ते मी शेवटचे पाहिले.

आबा म्हणाले, "बाहीर लोक हसलं, त्याचं काय न्हाय. पन घरातनंच खोटं यायला लागलं तर मानसानं कुनाचं खरं मानायचं?" तात्या माझ्याशी बोललेच नाहीत. भावाला म्हणाले, "म्या त्या तहासाठी थांबलो हुतो. आता थांबत न्हाय."

पंच आले, रान मोजलं, पंधरा दिवसांत सोप्यात भिंत उभी राहिली. आक्काला आमच्याकडं यायची बंदी झाली. भिंतीपलीकडून तिची काकणं तेवढी ऐकू येत.

चार महिन्यांनी ती कालव्यावर एकटी धुणं धुताना सापडली. मी मनात किती दिवस जुळवून ठेवलेलं बोलून टाकलं: तुझ्यासाठीच केलं गं, तू लांब जाऊ नयेस म्हणून.

ती लुगडं पिळत होती. म्हणाली, "तू तह वाचलास त्याच्या दुसऱ्या दिशी म्या देवीची ओटी भरून आले. घर फुटू नये म्हनून नवस बोलले हुते."

म्हणजे तिनंही तो तह खराच मानला होता. मी बातम्या रचत होते तेव्हा ती माझ्या कोपराशी बसलेली असे, पेपर दोघींच्या मध्ये उघडा असे. माझ्या मनातलं तिला न सांगता कळतं, अशी मला लहानपणापासून सवय. तिला वेगळं सांगावं लागेल हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडं बघवेना.

"त्यास्नी काय बी वाचायचं हुतंस," ती म्हणाली. "पन मला वाचता येत न्हाय. मला तरी खरं सांगायचं हुतंस गं."