बाहेरची कडी

माझं माहेर कळंब्यात आणि घटस्फोटानंतर माझा पत्ताही तोच. कोल्हापुरात कुणालाही "कळंब्यात राहते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आत की भाईर?" इथलं जेल सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. लहानपणी मी या चेष्टेवर हसायची. आता मला उत्तर द्यायला वेळ लागतो.

घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला. कागदावर कारण मतभेदांचं आहे, खरं कारण कडी. माझा नवरा घराबाहेर पडताना आमच्या खोलीला बाहेरून कडी घालून जायचा. मारझोड नाही, शिवी नाही, आवाजसुद्धा चढवायचा नाही. "तू आत आहेस म्हटलं की कामात लक्ष लागतं," असं गोड बोलून कडी सरकवायचा. सासूबाई खाली असायच्या. मी दार वाजवायला लागले की त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

माहेरी निघून आले तेव्हा सासरचा निरोप आला, की जास्त बोललीस तर दवाखान्यातल्या तुझ्या तपासण्या गल्लीभर सांगू. मला मूल होणं अवघड आहे, असं त्या तपासण्यांत निघालं होतं. अशा बाईला आपल्याकडे कोणता शब्द लावतात ते मी लिहीत बसत नाही. मी हादरले. वकीलबाईंना म्हटलं, काही करा, पण त्यांचं तोंड बंद करा. मग वकीलबाईंनी संमतीच्या अटींत गोपनीयतेचं कलम घातलं. लग्नातली कुठलीही गोष्ट, दुखणं असो की भांडण, दोघांपैकी कुणीही तिसऱ्याला सांगायची नाही. सहीआधी त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "त्यांच्याबरोबर तुमचंही तोंड बंद होणार बरं का. कायमचं. चालेल?"

"चालेल की," मी म्हणाले.

आमच्याकडे 'की' लावला की विषय संपतो. तो 'की' अजून माझ्या घशात आहे.

कलमानं काम चोख केलं. तपासण्यांबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही, आणि त्या दिवसांत त्यानंच मला वाचवलं. पण कोल्हापुरात गप्प बसून बघा एकदा! इथं भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी निवडता निवडता विचारते, "का वं सोडलासा?" वकीलबाईंनी एक वाक्य पाठ करून दिलं होतं, 'आमचं जमलं नाही.' मी गडमुडशिंगीच्या शाळेत शिकवते. तिथल्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, दळणाच्या रांगेत मी ते एकच वाक्य घोकत राहिले. लोक मान हलवायचे आणि पाठ वळली की आपापलं कारण जोडायचे. चीड यायची. खरं बोलायची सोय नाही आणि खोटं खोडायचीही नाही.

माहेरी आल्या आल्या मी घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या स्क्रू काढून उतरवल्या होत्या. आईला सगळं ठाऊक होतं. ती भोकांत मेण भरत बसली. आता हे लिहितेय तेही कुणाचं नाव न घेता. त्या कलमात मला एवढीच फट सापडली.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात छत्री. माझ्या आधीच्या नवऱ्याचं स्थळ त्यांच्या मुलीला आलं होतं. सोयरीक करण्याआधी चौकशीला जायची आपल्याकडे रीतच आहे. लोक शेजाऱ्याला विचारतात, दूधवाल्याला विचारतात. पहिल्या बायकोच्या घरी येऊन विचारायला छाती लागते. मला त्या आवडल्या.

"ताई, आडपडदा नको," त्या म्हणाल्या. "माणूस कसा हाय?"

स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं. कडी, दार, टीव्हीचा वाढलेला आवाज, सगळं माझ्या जिभेवर आलं. त्याच्या मागोमाग त्या तपासण्या आल्या, आणि तो शब्दही.

"आमचं जमलं नाही."

"दारू पितोय?"

"आमचं जमलं नाही."

"हात उचलतोय?"

"आमचं... जमलं नाही."

त्यांनी माझ्याकडे एकटक बघितलं, चहा संपवला आणि गेल्या. मला मनापासून वाटलं, बाईंना कळलं. तेच ते वाक्य पोपटासारखं म्हणणारी बाई काहीतरी गिळतेय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी निर्धास्त झाले. त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

थोड्या दिवसांनी त्या परत आल्या. या वेळी हातात दत्ताच्या वाडीहून आणलेल्या कवठाच्या बर्फीचा बॉक्स होता.

"दत्ताला जाऊन आलो. पक्कं केलं बगा," त्या म्हणाल्या. "अवो, सोडल्याली बाई सासरला शिव्या घालती की. आमच्या भावकीतली एक तर चौकात उभी राहून घालती. तुमी एक शबूद वंगाळ बोलला न्हाईसा. तवाच मी वळीखलं, घर चांगलं असणार."

माझं गप्प बसणं म्हणजे त्यांच्या लेखी दाखला होता, आणि माझ्या हातचा! मला ओरडावंसं वाटत होतं. आई चौकट धरून उभी होती, तिनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'सांग' म्हटलं.

"मुलीला एक सांगा," मी म्हणाले. "खोलीच्या दाराला बाहेरून कडी ठेवू नको म्हणावं."

त्या गोंधळल्या. मग खळखळून हसल्या.

"आता कुठली आलीय कडी, ताई? जावयानं नवा फ्लॅट घेतलाय. दाराला मोबाईलवरचं कुलूप हाय. हापिसात बसून लावतोय, हापिसात बसून काढतोय. पोरीला किल्ली बी सांभाळाय नको!"

"ऐका माझं," मी म्हणाले.

"आदी तोंड गोड करा," म्हणत त्यांनी बर्फीचा मोठा तुकडा स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. मी तो गिळेपर्यंत त्या फाटकाबाहेर पोचल्या होत्या.